ड्राय बाल्कनीतलं सफरचंदाचं झाड

ह्यांना जाऊन महिना होत आला होता, तेव्हा ते झाड घरी आलं.

दिवाळी संपून आठ-दहा दिवस झाले होते. हे पहिल्या शिफ्टला निघाले, डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे असताना खाली बसले आणि उठले नाहीत. वय अठ्ठेचाळीस. मूलबाळ आम्हाला नाही. थेरगावच्या फ्लॅटमध्ये मी आणि चाकणजवळ निघोज्यात शेतावर सासरे, एवढंच घर उरलं. तेरावं झाल्यावर मी कामावर जायला लागले. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर मी आहे. लाल वायर, काळी वायर, ज्या त्या खाचेत. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "अजून थोडे दिवस घरी राहायचं होतंत." मी म्हटलं, "घरी काय करू?"

डिसेंबरच्या मध्यात, गुरुवारी, म्हणजे आमच्या कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी बेल वाजली. दारात ह्यांच्याच लाइनवरचा हिमाचलचा सहकारी उभा होता. पाच-सहा वर्षं दोघं एका मशीनवर होते. तो गावी गेला होता, ह्यांचं कळलं तेव्हा तिकडेच होता. हातात गोणपाटात गुंडाळलेली कमरेएवढी लांब काठी होती.

"भाभी, हे सफरचंद," तो म्हणाला. "भाऊने मागितलं होतं. मी जमिनीतून काढून ठेवलं होतं, मग फोन आला. परत लावणार होतो तिकडेच. पण हे भाऊचं होतं ना."

चहा ठेवला. त्याने गोणपाट सोडलं. एक पान नाही, मुळांना माती नाही. नुसती काठी आणि खाली उघड्या मुळ्या, ओल्या शेवाळात बांधलेल्या. मला वाटलं, हे मेलेलंच आहे. तो म्हणाला, "मेलेलं नाही, झोपलंय. थंडीत असंच काढतात. उष्ण हवेत येणारी जात आहे, तुमच्याकडेही होते. पण जागं व्हायच्या आत जमिनीत गेलं पाहिजे."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना तिथूनच फोन लावला.

"कुठं लावायचं म्हनत व्हता त्यो?" मामांनी विचारलं.

"विहिरीच्या वरच्या कोपऱ्यात म्हणाले होते."

"तितं बटाटा हाय. सऱ्यांना पानी चालू हाय. आत्ता खड्डा घेतला तर त्यात पानी साचंल, मुळ्या कुजत्याल. बटाटा निघू दे."

"कधी निघेल?"

"संक्रांतीनंतर धा-पंधरा दिस."

म्हणजे सव्वा-दीड महिना. सहकाऱ्याने घर फिरून बघितलं आणि ड्राय बाल्कनी निवडली. स्वयंपाकघराला लागून असते ती, वॉशिंग मशीनची. आमची उत्तरेला आहे, ऊन येत नाही. चौकातल्या फर्निचरवाल्याकडून तो लाकडाचा भुसा घेऊन आला. भुसा ओला करून मुठीत दाबून दाखवला. हाताला ओल लागली पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. मुळ्या भुशात पुरून पोतं बांधलं, काठी भिंतीला तिरकी टेकवली. "चार दिवसांनी बघायचं. सुकलं तर पाणी शिंपडायचं. बस." एवढं सांगून तो गेला. जाताना ह्यांच्या फोटोकडे बघायचं त्याने टाळलं, ते मला बरं वाटलं.

त्या महिन्यात जो तो मला धीर धर म्हणत होता. तो कसा धरायचा ते काही मला कळत नव्हतं. चार दिवसांनी भुसा बघायचा, हे कळत होतं. ते मी करत राहिले. कामावरून यायचं, चप्पल काढायची, पोत्यात हात घालायचा, मूठ दाबायची. नणंद दोन दिवस राहायला आली होती. ती म्हणाली, "वहिनी, तू एकदा मोकळी रड. असं बरं नाही." मी म्हटलं, "येतच नाही गं." ती माझ्या वाट्याचंही रडली आणि गेली.

जानेवारी लागला आणि मी ते करायचं थांबवलं. विसरले नव्हते. ड्राय बाल्कनीचं दार रोज दिसत होतं. उघडायला हात जात नव्हता, एवढंच. कपडे साठले तसे बादलीत बाथरूममध्येच धुतले. शेजारच्यांकडे हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली, बायका जिन्यात भेटल्या की आवाज खाली आणत. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी पीठ चाळायची चाळणी मिळेना, म्हणून ते दार उघडलं. पोत्यात हात घातला तर भुसा कोरडा ठाक. बोटांतून रव्यासारखा गळला. मुळ्यांची टोकं वाकवली की तुटत होती.

वाईट वाटेल म्हणून मी थोडा वेळ उभी राहिले. काही वाटलं नाही. मग हिमाचलच्या त्या सहकाऱ्याला फोन केला.

"सुकलं वाटतं," मी म्हटलं.

"भाभी, नखाने साल खरवडा. बुंध्याजवळ. थोडीच."

खरवडली.

"आत रंग कोणता?"

वरची साल तपकिरी, आणि खाली हिरवं. शेंगेच्या आतल्यासारखं ओलं हिरवं.

"हिरवा आहे."

"मग जिवंत आहे. रात्रभर मुळ्या बादलीत ठेवा. सकाळी तुटकी टोकं कापून परत भुशात."

का सुकू दिलं म्हणून त्याने मला विचारलं नाही. सकाळी कामावर जायच्या आधी कात्रीने टोकं कापली, भुसा नव्याने भिजवला. बस चुकली, रिक्षा करून गेले.

संक्रांत झाली. थंडी अचानक ओसरली, दुपारी पंखा लावायची वेळ आली. चार दिवसांनी बघते तो काठीच्या शेंड्याजवळच्या दोन डोळ्यांवर करडी लव फुटून आत हिरवं टोक दिसत होतं. मामांना फोन केला.

"मामा, ते फुटायला लागलंय."

मामा म्हणाले, "गुरुवारी आन."

पोत्यासकट काठी घेऊन मी रिक्षाने निघोज्याला गेले. बटाटा अजून उभा होता, पाला पिवळा पडायला लागलेला. पण विहिरीच्या वरच्या कोपऱ्यात तीन सऱ्या रिकाम्या होत्या. मामांनी एकट्याने खणून काढल्या होत्या. बटाटे बांधावर पसरलेले, लिंबाएवढे, साल अजून कोवळी. आठ-दहा दिवस थांबले असते तर भरले असते. मी काही म्हणणार तोच ते म्हणाले, "त्या सऱ्यांचं पानी मी आठ दिस झालं बंद केलंय. माती वाळलीय."

म्हणजे माझा फोन जायच्या आधीपासून.

खड्डा त्यांनी घेतला. मी झाड उभं धरलं, त्यांनी माती लोटली, मग दोघांनी पायाने दाबली. ते खाली बसून बुंध्याभोवती आळं करत होते, तेव्हा वर न बघता त्यांनी विचारलं, "तू हितंच ऱ्हानार हाय का म्हायेरी जानार?"

"माहीत नाही मामा."

"बरं," ते म्हणाले. आळ्यात पाणी सोडलं. मग आम्ही बटाटे गोळा केले. त्यातले थोडे त्यांनी माझ्या पिशवीत घातले. घरी येऊन मी सालीसकट उकडून मीठ लावून खाल्ले आणि संध्याकाळी सातला झोपले ती सकाळपर्यंत.

झाडाचा शेंडा वाळला. मामांनी तो विळ्याने कापला. मार्चमध्ये खालच्या अंगाने पानं आली, नऊ की दहा. ऊन लागू नये म्हणून पश्चिमेला त्यांनी गोणपाटाचा आडोसा केला. मी दर गुरुवारी जाते. झाडाला बघायला असं नाही. दोन भाकरी टाकते, त्यांचे कपडे धुते, येते.

एका गुरुवारी विहिरीवरची मोटार चालू होत नव्हती. मामा स्टार्टरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. हे असते तर दोन मिनिटांत झालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. मग मामा स्टार्टरच्या पेटीला हात टेकून तसेच उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी पुढे गेले. पाठीवर हात ठेवावा की नाही ते कळेना, सासरे ते. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. बराच वेळ उभी होते. मग त्यांनी पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "वायरमनला फोन लाव."

मी लावला.