सुखरामची जागा

सुखराम गेल्यावर पार्वताबाई त्याच्याच सरकारी कारखान्यात लागल्या. कागदावर त्याला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. कारखान्यालगतच्या रांझीच्या वस्तीत 'नवऱ्याच्या जागेवर लागली' म्हणतात. पार्वताबाईंनी ते अक्षरशः घेतलं. सव्वीस वर्षं त्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांवर नंबर रंगवतात. ज्या बाकावर बसल्या बसल्या सुखरामचा जीव गेला, त्याच्याच कडेला बसतात. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी. कोणी नवी बाई टेकू लागली, की हलकेच म्हणतात, "दीदी, उधर बैठो. इधर वो हैं."

चार वर्षांपूर्वी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, गेटवरची पाटी बदलली. कामगार मात्र सरकारचेच राहिले, कंपनीत पाठवलेले. यंदा कागद आला : सरकारी नोकरी सोडून कंपनीचे होता का? हो की नाही?

लेक ममता विजय नगरच्या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थव्यवस्था शिकवते. चहा घेता घेता तिनं आईलाही शिकवलं : स्वातंत्र्यानंतर मोठे उद्योग सरकारनं आपल्या हाती काहून ठेवले, एक्क्याण्णव साली परदेशी चलन संपत आलं तेव्हा काय काय बदललं.

"मंग आता सरकार मालक नाही?"

"मालक आहे न आई. पण कंपनीला नफा-तोटा पाहावा लागते. समझ रही हो?"

"समजून राहिली. यात तुह्या बाबाचं काय होते?"

ममता हसली. "बाबांचं काय होणार? तू तुझ्या पेन्शनचं बघ. दोन वर्षं राहिली तुझी."

पार्वताबाईंना हसू आलं नाही. सरकारनं सुखरामला पाहिलं होतं. कंपनीनं कुठं पाहिलं? 'हो' म्हटलं तर तो तिथं कोणाचा म्हणून बसणार? दुपारी वीज गेली, पंखे थांबले, की शेजारी त्याचा श्वास ऐकू येई, बारीक शिट्टीसारखा. त्या आठवड्यात तो अगदी कानाशी आला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी कागद भरून दिला. कारकून श्रीरंगनं चष्मा कपाळावर चढवला.

"काकू, सहीच्या जागी सुखराम काहून लिहिलं?"

"जागा त्याहिची, तं सही त्याहिचीच लागन."

श्रीरंग उठला. जुनी फाईल काढून आणली, बोट ठेवून दाखवलं. "त्यांची जागा ते गेले तेव्हाच रद्द झाली, काकू. तुम्हाला दुसरी दिली. पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावाची."

पार्वताबाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. त्यानं दुसरा कागद पुढं केला. त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि एकेक अक्षर जोडत स्वतःचं नाव लिहिलं.

"तं मंग रे श्रीरंग," त्यांनी विचारलं, "एवढे वर्षं माह्या बाजूला कोण बसून राहिलं?"

श्रीरंगनं कागदावर शिक्का मारला.