फ्यूज नसलेल्या चार गाड्या

माझं सगळं आयुष्य वायरिंगमध्ये गेलंय. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पंपांचे कंट्रोल पॅनल बनतात, आणि बाहेर जाण्याआधी प्रत्येक जोडणी तपासून सही करायचं काम माझं. तरी स्वतःच्या जीपचं वायरिंग मी दुसऱ्याच्या हातात दिलं. तेवढी चूक माझी. बाकीचं त्याचं.

रविवारी चिखलात, वाळूत गाड्या घालणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. वाळूत शिरताना टायरची हवा कमी करायची आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी परत भरायची, असा प्रकार असतो. म्हणून गाडीतच हवेचा कॉम्प्रेसर बसवतात, आणि त्याच्यासाठी, दिव्यांसाठी वेगळी बॅटरी. घोडबंदर रोडवरचा एक गॅरेजवाला ग्रुपमधल्या बहुतेकांची ही कामं करायचा. गाडी ताब्यात घेताना मी विचारलं, "फ्यूज कुठे टाकलाय?"

"ताई, टेन्शन नका घेऊ. आपलं काम उघडून बघायला लागत नाही."

काळी टेप नीट गुंडाळलेली दिसत होती. मला कामावर पोचायचं होतं. मी उघडलं नाही.

दोन महिन्यांनी आईला घेऊन खडवलीला नदीवर गेलेले. निघताना टायरमध्ये हवा भरत होते, आई मागच्या सीटवर. जळक्या रबराचा वास आला आणि सीटच्या कडेने धूर निघाला. आईचे गुडघे वाकत नाहीत. उठायला तिने आधार म्हणून हात टेकला, तो नेमका सीटच्या कडेने गेलेल्या, तापून लाल झालेल्या वायरवर. मी तिला काखेत धरून बाहेर ओढलं, बॅटरीची तार उपटली, सीटवर वाळू फेकली. आईच्या तळहाताची कातडी निघाली होती. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती हाताकडे बघत राहिली.

गाडी पेटल्याचं मी ग्रुपवर कळवलं. गॅरेजवाल्याने त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "ताईंनी घरी वायरिंगला हात लावलेला. बायकांनी गाडी चालवावी, खोलू नये." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

जळकी वायर मी स्वतः उपसून काढली. फ्यूज नव्हताच. बारीक वायर, थेट बॅटरीतून, पत्र्याच्या भोकातून रबर न घालता ओढलेली. पत्र्याच्या धारेने घासून घासून ती उघडी पडली होती. मी फोटो काढले, पण टाकले नाहीत. नुसत्या फोटोंवर त्याने मलाच खोटं ठरवलं असतं.

मग रविवारचे रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून सगळं नव्याने केलं. जाड वायर, प्रत्येक भोकात रबर, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज. आई शेजारी खुर्ची टाकून बसायची, पट्टी बांधलेला हात मांडीवर. एकदा म्हणाली, "अगं, त्याला सांग तरी. इतरांच्या पण गाड्या आहेत."

"सांगणार आहे ना. सगळ्यांसमोर."

त्याच सुमारास ठाकुर्लीला राहणारा ग्रुपमधला एकजण दिवे लुकलुकतात म्हणून माझ्याकडे आला. मागच्या सीटवर त्याची लहान मुलगी बिस्किटं खात होती. बॉनेट उघडलं. तीच टेप, तीच बारीक वायर, फ्यूज नाही. मी बॉनेट लावलं आणि म्हटलं, "कनेक्शन सैल होतं. घट्ट केलंय." त्याला खरं सांगितलं असतं तर गॅरेजवाल्याला कळलं असतं आणि त्याने गुपचूप सगळ्यांच्या गाड्यांत फ्यूज बसवून टाकले असते. मला त्या गाड्या होत्या तशाच हव्या होत्या.

पाच आठवड्यांनी कल्याणच्या एका मैदानावर सगळे जमले. नव्या लोकांना गॅरेजवाला समजावत होता, गाडीत हवा आणि वीज कशी बसवायची ते. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "दादा, फ्यूज बॅटरीपासून किती लांब असावा?"

"वीतभर. फार तर."

"दाखवा की मग. तुम्ही केलेल्या गाड्या इथेच आहेत."

तो हसला. कोणीतरी बॉनेट उघडलं, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. टेप मी माझ्या हाताने सोडवली. सातपैकी चार गाड्यांत फ्यूज नव्हता. मी मोबाईल काढला आणि आईच्या तळहाताचा फोटो एकेकाच्या समोर धरत गेले. हसरे चेहरे टाकणाऱ्यांच्या समोर जरा जास्त वेळ.

गॅरेजवाला जवळ येऊन हळू म्हणाला, "ताई, मला फोन करून सांगायचं ना."

"तुम्ही ग्रुपवर लिहिण्याआधी केलेलात फोन?"

त्याची मान खाली गेली. एवढं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

ठाकुर्लीवाला मात्र माझ्याकडे बघत होता. "तुम्ही माझी गाडी उघडलेलीत ना? तेव्हा दिसलं नाही?"

"दिसलं होतं," मी म्हटलं.

त्याने चावी काढून घेतली, गाडी तिथेच सोडली आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे गेला.

काही महिन्यांत गॅरेज बंद पडलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना उतरवलेली पाटी दिसली. पुढची गाडी हलली तरी मी हलले नाही. मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि मी बंद शटर डोळे भरून बघून घेतलं. त्या माणसाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

ठाकुर्लीवाल्याने ग्रुप सोडला. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावलाय आणि रिंग जायच्या आत कापलाय.