परवाची अपॉइंटमेंट

जालिंदरभाऊंना जेवढं विचाराल तेवढंच ते सांगतात. अक्षरभर जास्त नाही. "गाडीत डिझेल आहे का?" म्हटलं की "हाय." कुठवर पुरेल ते वेगळं विचारायचं. एकदा विचारलं, "टायर ठीक आहेत ना?" तर म्हणाले, "एक सोडून." कुठला, कधीपासून, काही नाही. मी विचारीपर्यंत ते शांतपणे चहा पीत बसले. अशा माणसाच्या हातात ट्रेलर देऊन त्याला दुसऱ्या देशात धाडायचं आणि इथे दोह्यात, बिन महमूद भागातल्या ऑफिसात बसून त्याचा जीव आणि माझा जीव सांभाळायचा, हे माझं काम. मी लवीना. ट्रान्सपोर्ट कंपनीत पेपर्स बघते. पेपर्स बघते म्हणजे मालाचे कागद, ड्रायव्हरचे व्हिसा, आणि काही अडलं की सगळ्यांची बोलणी खाते.

भाऊ जत तालुक्यातले. आधी साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर, मग मिरजेच्या एका मालकाचा ट्रक, मग एजंट आणि मग दोहा. सौदीच्या रस्त्यावर ते किती वर्षं आहेत ते मी कधी मोजलं नाही, पण सौदीने कतारची बॉर्डर बंद केली तेव्हा ते होतेच. आदल्या संध्याकाळी पलीकडून टोमॅटो घेऊन आले आणि सकाळी रस्ताच बंद. मग ती सगळी वर्षं त्यांनी दोह्यातल्या दोह्यात वाळू वाहिली. एकवीस साली बॉर्डर उघडली तेव्हा आमची पहिली गाडी त्यांचीच गेली. सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं, केक काय, फोटो काय. परत आल्यावर मी कौतुकाने विचारलं, "कसं वाटलं, भाऊ?"

"रस्ता त्योच हाय," म्हणाले.

तर हा माणूस मागच्या महिन्यात माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि मी काही विचारलेलं नसताना बोलला. "ताई, बायकूला आणायची हाय. समुद्र दावायचाय तिला."

मी चाटच पडले. बबीताताई म्हणजे त्यांची बायको, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. दर वर्षी हे आणतो म्हणायचे आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी घराचा स्लॅब, कधी सासूचं आजारपण. मी म्हटलं, भाऊ, आता थांबायचं नाही. तिकीट त्यांनी काढलं, हॉटेलचं बुकिंग मी केलं, अल मुंतझा भागातलं, दहा दिवसांचं, खाली भाजीवाला आणि समोर खानावळ. गुरुवारचं विमान. "विमानात कधी बसल्या आहेत का?" विचारलं.

"न्हाई." मग म्हणाले, "ती घाबरती. म्हनून म्या सांगितलंय, दारात मीच हुबा ऱ्हानार."

एवढं एकच त्यांना हवं होतं. एअरपोर्टच्या दारात उभं राहायचं. त्या गुरुवारच्या आठवड्यात त्यांना रस्त्यावर पाठवूच नका, असं मी फेलिक्सला बजावलं होतं. फेलिक्स आमचा मॅनेजर, माझ्यासारखाच वसईचा, पण टाय बांधला की मराठी विसरतो. त्याने ऑफिसात एक पोस्टर लावलंय, दोन देशांचे हात हातात, मागे गुळगुळीत हायवे. मीटिंगमध्ये म्हणतो, "लवीना, बॉर्डर इज नाऊ सीमलेस." सीमलेस! कधी अबू समराला, आपल्या बाजूच्या चौकीपर्यंत, गाडीने गेला असेल तर शपथ.

रविवारी सकाळी फेलिक्स आला आणि म्हणाला, होफुफला जायचा प्लॅस्टिकचा माल अडकलाय, सौदीचा व्हिसा हातात असलेला ड्रायव्हर एकच आहे, जालिंदर. होफुफ काय, बॉर्डरच्या पलीकडे जरासं पुढे. मंगळवारी जाईल, बुधवारी परत, गुरुवारी आरामात एअरपोर्टला. इन्शाल्ला. हा माणूस इन्शाल्ला म्हणाला की काम होत नाही, हे मला पाठ आहे.

आता पलीकडच्या बाजूला ट्रकने शिरायचं तर वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. ती वेळ होफुफचा एजंट घेतो आणि तिचा मेसेज जातो ड्रायव्हरच्या सौदी नंबरवर, अरबीतून. माझ्याकडे येत नाही. का येत नाही, ते त्या पोर्टलला आणि त्याच्या देवाला ठाऊक. म्हणून मी भाऊंना फोन केला.

"भाऊ, एजंटचा मेसेज आला का?"

"हाय."

"अपॉइंटमेंट कधीची आहे?"

"परवाची."

परवा म्हणजे मंगळवार. छान. मी मंगळवारचे पेपर्स काढले, भाऊंच्या हातात दिले, ते निघाले.

मंगळवारी दुपारी अबूबकरचा फोन. अबूबकर आमचा कस्टम क्लिअरिंगचा माणूस, कोळिकोडचा, अबू समराच्या चौकीवर असतो. फोनवर नुसता ओरडत होता. गाडी कतारमधून रीतसर बाहेर पडली, शिक्के पडले, आणि पलीकडे सल्वाला, सौदीच्या चौकीवर, त्यांनी अडवली. अपॉइंटमेंट गेल्या शुक्रवारची होती, माल अडकायच्या आधी एजंटने घेतलेली. शुक्रवारची!

मी भाऊंना फोन लावला. 

"भाऊ, तुम्ही मला परवाची म्हणालात!"

"परवाचीच हुती," ते म्हणाले. "ऐतवारी तुमी इचारलं. ऐतवारच्या आदी परवा शुक्रवार न्हाई का?"

कपाळ माझं. काल वेगळा, उद्या वेगळा, आणि परवा मात्र मागचाही तोच, पुढचाही तोच! आपल्या वाडवडिलांना एक जादा शब्द काढायला काय झालं होतं?

"अहो, मग गेलेली अपॉइंटमेंट घेऊन तुम्ही निघालात कसे?"

"तुमी पेपर दिले. म्हनलं, ताईंनी नवी काडली आसंल."

"मग विचारायचं ना!"

"तुमी बी न्हाई सांगितलं."

मी फोन ठेवला. घरी असते तर भांडं फेकलं असतं.

बरं, गाडी मागे वळवा म्हटलं, तर अबूबकर म्हणतो, कशी वळवणार? कागदावर माल देशाबाहेर गेलाय. परत आणायचा तर आयात करावा लागेल. आपलाच माल, आपल्याच गोडाऊनमधला, अजून ताडपत्रीसुद्धा सोडलेली नाही, आणि तो आयात करायचा! त्याचे कागद होफुफवाल्याने द्यायचे, आणि तो म्हणतो माल पाठवा. गाडी सोडून भाऊंना एकट्याला चालत परत येता येतं का? येत नाही. ज्या गाडीवर बाहेर पडले, त्याच गाडीवर आत यायचं. दोन्ही चौक्यांच्या मधल्या पट्ट्यात ट्रकांच्या रांगेत भाऊ उभे, ना इकडे ना तिकडे. फेलिक्सला जाऊन म्हटलं, हे बघ तुझं सीमलेस. 

"नवीन अपॉइंटमेंट कधीची मिळते?" मी अबूबकरला विचारलं.

"गुरुवार," तो म्हणाला. त्याच्या भाषेत निदान वार तरी असतात.

गुरुवारी भाऊ सल्वा ओलांडून पुढे गेले आणि त्याच संध्याकाळी बबीताताई दोह्यात उतरल्या. दारात मी उभी होते, हातात त्यांचं नाव लिहिलेला कागद. त्या बाहेर आल्या, डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरलेली. कागदाकडे त्यांनी बघितलंच नाही. गर्दीतल्या एकेका पुरुषाचा चेहरा त्या बघत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "बबीताताई, मी लवीना. भाऊंच्या ऑफिसातली."

"ह्ये कुटं हायत?"

मी सांगितलं. बॉर्डर, अपॉइंटमेंट, सगळं. त्यांना त्यातलं एवढंच कळलं की ते आलेले नाहीत.

"मग कवा येनार?"

शुक्रवारी होफुफचं गोडाऊन बंद. शनिवारी सकाळी माल उतरणार, मग परत. तोंडातून निघून गेलं, "परवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. "कंचा परवा, ताई? फोनवर मी ह्योच परवा ऐकत आल्ये. पोरीचा दात पडला तवापास्नं. पोरगी आता कालेजात हाय."

राग तर इतका आला होता, भाऊंचा, फेलिक्सचा, त्या पोर्टलचा, माझा स्वतःचाही, की डोळ्यांत पाणी आलं. एकटीला हॉटेलात कसं सोडणार? घरी घेऊन आले. माझ्या मुलाने, जॉर्डनने, "हॅलो आँटी" म्हटलं, त्यांनी त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला, तो म्हणाला, "मम्मा, धिस इज सो गुड," आणि दोघांचं एकमेकांशी छान जमलं. शुक्रवारी मी त्यांना म्हटलं, चला, कॉर्निशवर समुद्र दाखवते. त्या म्हणाल्या, "त्यो ह्यांच्याबरुबर बघायचाय." आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या.

शनिवारी दुपारी अबूबकरचा मेसेज आला, गाडी सल्वाच्या रांगेत लागली. ऑल्विन, माझा नवरा, म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतील ते, बस ना घरी शांत. मी म्हटलं, मला कोणाची परवा नाही, चावी दे. म्हटलं आणि स्वतःच्याच शब्दावर चिडले. बबीताताईंना गाडीत बसवलं आणि सल्वा रोड धरला.

अबू समराच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे, शेजारी ट्रक थांबायची जागा आणि एक कॅफेटेरिया. तिथे आम्ही करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, घेतला. बबीताताईंनी कप हातात धरला, प्यायला नाही. एकेक ट्रेलर यायचा, त्या उठायच्या, परत बसायच्या. उन्हं उतरायला लागली तेव्हा आमची पांढरी गाडी आत शिरली.

भाऊ खाली उतरले. आम्ही येणार हे मी त्यांना कळवलं नव्हतं, मुद्दाम. दाढी वाढलेली, बनियनवर धूळ. बायकोला बघून ते दाराची मूठ धरून तिथेच उभे राहिले. किती वेळ उभे राहिले! मला वाटलं, आता तरी बोला हो काहीतरी.

"कवा आलीस?" ते म्हणाले.

तिकीट यांनी काढलेलं, तारीख पाठ, दोन दिवस तिच्याशी फोनवर बोलतायत, आणि विचारतात काय, तर कवा आलीस! मी कपाळावर हात मारला.

"परवा," बबीताताई म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली. गळ्यातला टॉवेल काढला, तोंड पुसलं, परत पुसलं. आणि मग, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "दारात हुबा ऱ्हानार म्हनलो हुतो गं तुला."