ब्लाउज न्यायला आलेला नवरा

परळच्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. बाहेर पाटी मात्र शिवणवर्गाची. खिडकीशी दोन शिलाई मशिनं, दोरीवर टांगलेले ब्लाउज, आणि पडद्यामागे खरं काम. घरात मार खाणाऱ्या बायका तिथे बसून बोलतात. पोलीस, वकील, निवारा, जे लागेल ते आम्ही बघतो. येताना पिशवीत ब्लाउजपीस घालून यायचं आणि घरी सांगायचं, शिवायला टाकून येते. कुठलाही नवरा बायकोच्या ब्लाउजच्या भानगडीत पडत नाही, या एका भरवशावर आमचा सगळा डोलारा उभा होता.

ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी दादरहून तिथे जायला लागले. शिवणाशी माझं जन्माचं वाकडं. साधं बटण लावायला बसले तरी बोट टोचून घेते. माझं काम दार उघडायचं, चहा करायचा आणि मुलांना रमवायचं.

त्या दुपारी पडद्यामागे एक बाई आपल्या बालवाडीतल्या मुलीला घेऊन बसली होती. सकाळी आल्या आल्या तिने पदर बाजूला करून पाठ दाखवली होती. ती कशी होती ते मी लिहिणार नाही. दोघींना निवाऱ्यात न्यायला गाडी यायची होती, पण बाईचं मन ठरत नव्हतं. "ह्यांचा स्वभाव तसा वाईट नाही हो, काकू," म्हणायची आणि पिशवी उचलून घरी जायला निघायची. मला तिचा रागच येत होता. केंद्राच्या ताई मात्र शांत. जायचं की नाही हे तिनेच ठरवायचं, यावर त्या ठाम असतात.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, ताईंनी स्पीकरवर घेतला. तिचा नवरा. बायको आहे का तिथे, म्हणून विचारत होता. ताई नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "येऊन गेल्या. ब्लाउजला हुकं लावायची राहिलीत, उद्या या म्हटलंय." या उत्तरावर आजवर सगळ्या नवऱ्यांनी फोन ठेवून दिले होते.

"मग लावा की पटकन," तो म्हणाला. "मी खाली नाक्यावरच आहे. घेऊनच जातो."

ताईंनी पडदा सारखा केला. माझं लक्ष दाराबाहेर गेलं, तर उंबऱ्याशी मायलेकींच्या चपला. मी धावत जाऊन त्या उचलल्या आणि माझ्या पर्समध्ये कोंबल्या. चेन काही लागेना. पर्स पोटाशी धरून मी मशिनपुढे बसले, आणि जिन्यावर पावलं वाजली.

इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. "नमस्कार काकू, त्रास देतोय," म्हणाला. आरडाओरडा केला असता तर मी कमी घाबरले असते. आवाज इतका मऊ होता.

ताईंनी दोरीवरचा कुणाचा तरी हिरवा ब्लाउज काढून त्याच्या हातात दिला. आता हा म्हणणार, कापड आमचं नाही हे, असं मला वाटलं. रंगाकडे त्याने पाहिलंही नाही. ब्लाउज उलटा केला आणि पाठीवर बोटं पसरली.

"मागून एवढा खोल गळा? नाही चालणार. तिला पाठ पूर्ण झाकलेली लागते."

ताईंनी ब्लाउज त्याच्या हातून परत घेतला. मग म्हणाल्या, "दुसरा शिवून ठेवते."

"मानेपर्यंत बंद करा," तो हसून म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी दाराला कडी लावली.

मी पडदा सरकवला. मुलगी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून बसली होती. तिला तसं कुणीही सांगितलं नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला वाटायचं, नशेत मारतो," ती म्हणाली. "सकाळी त्याला काही आठवत नसेल."

मग तिने मुलीचे हात हळूच तोंडावरून काढले आणि विचारलं, "गाडी किती वाजता येते, ताई?"