पुष्पचक्राची मागची बाजू

दोकसुनमावशीला कुठलीही गोष्ट समोरून बघवत नाही. मासळीबाजारात बाकीच्या बायका माशाचे कल्ले उचलून बघतात. ही माशाखालचा बर्फ उचलून बघते. धाकटा मुलगा होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा घरी घेऊन आला, तेव्हा हिनं त्या पोरीला बसायला सांगितलं आणि आपण बाहेर जाऊन तिच्या चपलांचे तळवे बघून आली. झिजलेले होते. "चालणारी आहे, चालेल," म्हणाली.

यात तिचा दोष नाही, धंद्याचा आहे. गुन्सानच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं पुष्पचक्रांचं दुकान आहे आणि त्याला चिकटून माझं मोबाइल दुरुस्तीचं. आमच्या कोरियात लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो की मयत, माणसाहून उंच तीन मजली पुष्पचक्र तिवईवर उभं करायचं आणि दोन्ही बाजूंनी लांब रेशमी पट्ट्या सोडायच्या. एका पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव, दुसरीवर शुभेच्छा नाहीतर शोक. समोरून बघावं तर फुलांचा डोंगर. मागून बघावं तर काठ्या, तार, पेंढा आणि मधूनच परवाच्या मयतातली शेवंती. "दुसऱ्यांच्या दुकानात," मावशी लगेच सांगते. मी शेजारी आहे, त्यामुळे काही बोलत नाही.

अशी ही बाई एका माणसाला मात्र समोरूनच बघते. गू हानब्योल. गाणारा पोरगा, वय तिशीच्या आतलं, आवाज जुन्या बोटीच्या भोंग्यासारखा, लांबून येणारा आणि पोटात शिरणारा. मावशीचा नवरा गेला त्या वर्षी ती दुकानाचं शटर अर्धंच उघडायची. एका दुपारी रेडिओवर हा पोरगा गायला आणि शटर पूर्ण वर गेलं. एवढंच झालं, पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तिच्या हानब्योलवर मी फार विनोद करत नाही. थोडे करतो.

हानब्योल डोंगराकडच्या मक्याच्या गावचा. म्हणून त्याच्या चाहत्या स्वतःला 'कणसं' म्हणवतात. साठीच्या आसपासच्या बायका कोवळ्या मक्याच्या रंगाचे शर्ट घालून बसगाड्या भरभरून गाण्याला जातात. आमच्या भागातल्या कणसांची पुढारीण छुनह्वाताई, ब्यूटी पार्लरवाली. तिच्या हातून केस कुरळे करून घेतले नसतील तर कणीस व्हायचं अवघड.

कणसांचा सगळ्यांत मोठा शत्रू कोण? दुसरा गायक? छे. कंपनी. हानब्योलला जिनं करारावर बांधून घेतलंय, ती. तिचंच टीव्ही चॅनल, तिचीच तिकिटं, आणि करमणुकीच्या पानावर छापणाऱ्या निम्म्या वर्तमानपत्रांत तिचेच पैसे. तेव्हा बातमी म्हणजे कंपनीनं पाठवलेलं पुष्पचक्र, हे मावशीचं मत. वर्तमानपत्रानं फक्त आपल्या नावाची पट्टी लावायची.

म्हणून कणसांचा एक कडक नियम होता. हानब्योलबद्दलची वाईट बातमी फोनवर बोटानं दाबायची नाही. म्हणजे उघडायची नाही. उघडली की त्यांचे वाचक वाढतात, वाचक वाढले की ते आणखी खोटं लिहितात. तेव्हा कुणीतरी नुसत्या मथळ्याचा फोटो काढून गटात टाकायचा, बाकीच्यांनी तेवढाच बघायचा आणि मग एकदिलानं संतापायचं. हा नियम पाळण्यात मावशी बौद्ध भिक्षूंनाही मागे टाकील.

त्या वसंतात हानब्योल टीव्हीवरून गायब झाला. टाच मुरगळली, विश्रांती घेतोय, अशी बातमी आली. सगळीकडे आली, आणि सगळीकडे शब्दन् शब्द तीच.

"बघ," मावशी माझ्या काउंटरवर फोन आपटून म्हणाली. "सगळ्यांना एकच वाक्य कसं सुचलं? एका आईची लेकरंसुद्धा सारखं रडत नाहीत."

"टाच खरंच मुरगळली असेल, मावशी."

"टाच मुरगळली तर बसून गाता येतं. हा पोरगा स्टुलावर बसून गायलाय, तापात गायलाय. तू मोबाइल बघ, माणसं मी बघते." मग आवाज खाली आला. "शरद ऋतूत करार संपतोय त्याचा. त्याआधी त्याला संपवणार ते. मला एवढंच कळायला हवं, तो बरा आहे का? गातो आहे का?"

तिला खरंच एवढंच हवं होतं. शरदात आमच्या बंदराच्या उत्सवात तो गाणार होता आणि तोवर तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

मग एका मध्यम खपाच्या वर्तमानपत्रात मथळा आला: 'हानब्योलचा आवाज संपला?' छुनह्वाताईनं त्याचा फोटो टाकला. पार्लरमध्ये, शिलाईच्या दुकानांत, चर्चच्या भजनमंडळात एकदमच आग लागली. करार संपण्याआधी पोराची किंमत पाडायचा हा कंपनीचा डाव, असा निकाल झाला. बातमी सन मिरू नावाच्या कुणा बातमीदार मुलीची होती. म्हणजे विकली गेलेली मिरू.

राग आला की आमच्याकडचे चाहते मयताची पुष्पचक्रं पाठवतात. शत्रूच्या दारात पांढऱ्या शेवंतीची रांग उभी करायची आणि काळ्या अक्षरांत शोक व्यक्त करायचा. कणसांत पुष्पचक्रवाली घरचीच होती. तिनं तो दिवस सणासारखा काढला. मी तिच्या दारावरून जाताना विचारलं, "काय लिहिताय मावशी?"

"'दिवंगत पत्रकारितेस, जड अंतःकरणाने.'"

"अंतःकरण कुठंय जड? चांगलं गाणं गुणगुणताय."

"तू तुझे स्क्रू मोज."

टेंपोत भरून पुष्पचक्रं सोलला गेली. त्यांच्या मागे, पेंढ्यावर, सवयीप्रमाणे दुकानाचा फोन नंबर होता. दोन दिवसांत बातमी त्या वर्तमानपत्राच्या पानावरून काढून टाकली गेली. कणसांनी पार्लरमध्ये तांदळाची दारू उघडली. मला ग्लासभर पाठवली. विजय होता, मी प्यालो.

उन्हाळ्यात मिरू दुकानात आली. मी त्या वेळी मावशीकडे पंखा जोडत होतो. मुलगी बारीक, खांद्यावर बोचकं, घामाघूम. मावशीला वाटलं, गिऱ्हाईक.

"कोण गेलं, बाळ?"

"माझी नोकरी, मालकीणबाई. म्हणजे गेली नाही अजून. राशिभविष्याच्या पानावर बसवलंय." तिनं बोचक्यातून गुंडाळलेली पट्टी काढली. काळी अक्षरं मावशीचीच. "तुमच्या फुलांच्या मागे नंबर होता."

मावशीचा चेहरा माशाखालचा बर्फ उचलतानाच्या चेहऱ्यासारखा झाला. "कंपनीनं पाठवलं का तुला?"

"कंपनीनं माझी बातमी काढायला लावली. खरं म्हणजे त्यांना फार काही करावंच लागलं नाही. संपादक खिडकीतून तुमची पुष्पचक्रं दाखवून म्हणाले, बघ, चाहत्यांनाच नकोय. मालकीणबाई, एक विचारू? तुम्ही वाचली होती का ती?"

पंखा सुरू झाला.

"मथळा वाचला," मावशी म्हणाली.

"मथळा माझा नव्हता, वरच्या माणसाचा. आत मी लिहिलं होतं की त्याच्या स्वरयंत्रावर गाठी आहेत. डॉक्टरांनी सहा महिने बोलायलासुद्धा मनाई केलीय. आणि कंपनीनं शरदापर्यंतचे सगळे कार्यक्रम घेऊन ठेवलेत. करार संपायच्या आत पिळून घ्यायचंय. त्यानंच सांगितलं मला. कागदावर लिहून, कारण बोलता येत नव्हतं."

"हे तुला सांगितलं, आणि आम्हाला नाही?"

"तुम्हाला सांगायचं म्हणूनच तर मला सांगितलं ना!"

मावशीनं कात्री खाली ठेवली. मला वाटलं, आता ही रडते. रडायचं सोडून ती म्हणाली, "कणसांत फूट पाडायची असेल तर मीसुद्धा अशीच एक गरीब दिसणारी पोरगी पाठवीन."

मिरू हसली. तिची दमछाक त्या हसण्यात दिसली. "विश्वास ठेवू नका. तुमच्या बंदराच्या उत्सवात तो येईल, तेव्हा तो गातो कसं ते बघू नका. बोलतो का ते बघा." जाताना दारात वळली. "आणि मालकीणबाई, घोड्याच्या वर्षात जन्मलेल्या का तुम्ही?"

"का?"

"काल तुमचं भविष्य मीच लिहिलं. 'पाठीमागून आलेल्याचं ऐका.' ती मात्र थापच होती."

ती गेल्यावर मावशी मला म्हणाली, "नाटकी आहे." मग कात्री पुन्हा उचलून, "चपला बघितल्यास तिच्या? झिजलेल्या होत्या."

आमच्या समुद्राचं नावच पिवळा समुद्र, पण उत्सवाच्या दिवशी तो बंदरावर दुसऱ्या अर्थानं पिवळा झाला. सगळीकडे कणसं. खेकड्याच्या लोणच्याचे, माशांच्या वड्यांचे ठेले, आणि व्यासपीठावर कंपनीच्याच चॅनलचा निवेदक. मावशी पहिल्या रांगेत, मी तिच्यामागे तिची पाण्याची बाटली आणि उशी धरून, म्हणजे साधारण घरजावयाच्या कामावर.

हानब्योल आला. पांढरा कोट, टाच ठणठणीत. तो गायला आणि आवाज तोच, बोटीच्या भोंग्याचा, एकही भेग नसलेला. कणसं रडली. माझ्याही अंगावर काटा आला. मी मावशीच्या कानात म्हणालो, "बघा, बराय की!"

तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. हानब्योलची एक सवय होती, कुठंही गेला तरी पहिल्या गाण्यानंतर विचारायचा, "जेवलात का गं सगळ्या?" आणि हजार बायका ओरडायच्या, "तू जेवलास का?" त्या दिवशी पहिलं गाणं संपलं आणि निवेदकच म्हणाला, "हानब्योल विचारतोय, जेवलात का?" हानब्योल कमरेत वाकला. बायका ओरडल्या. दुसरं गाणं. मग निवेदकच म्हणाला, "हानब्योल म्हणतोय, गुन्सान खूप सुंदर आहे." हानब्योल वाकला. शेवटचं गाणं. निवेदकानं निरोप घेतला. हानब्योल पुन्हा वाकला. वर उठताना मावशीच्या रांगेकडे बघून त्यानं तोंड उघडलं, आणि गळ्याला हात लावून मिटलं.

डोंगराएवढं गाणाऱ्या माणसाला एवढंसं बोलता आलं नाही; म्हणजे गाणं टेपवर वाजत होतं, तो नुसते ओठ हलवत होता.

"समोरून बघितलं," मावशी घरी जाताना म्हणाली. "आयुष्यात एकच गोष्ट समोरून बघितली."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होतं: 'तोच आवाज, तीच ताकद.' शब्दन् शब्द सारखं. आणि गंमत बघा, चांगली बातमी म्हटल्यावर कणसांनी ती उघडली, वाचली, वाटली, पुन्हा उघडली. गटात फुलांची चित्रं पडत होती. त्यात मावशीनं लिहिलं: 'तो बोलला का? कुणी ऐकलं का?'

छुनह्वाताईचा फोन लगेच आला, आवाज इतका मोठा की मला भिंतीपलीकडे ऐकू येत होता. "दोकसुन, आनंदात विष कशाला कालवतेस? तुझ्या दुकानात ती मिरू आली होती म्हणे! किती दिलं गं कंपनीनं तुला?"

"मला? कंपनीनं?"

"मग कुणी?"

मावशीला गटातून काढलं. तिचीच कात्री तिच्यावर फिरली. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते मी खोकल्यात घातलं.

संध्याकाळी तिनं पुष्पचक्र बांधायला घेतलं. पांढऱ्या शेवंतीचं नव्हे, लाल-पिवळ्या जर्बेराचं, उद्घाटनाचं. मागून बघितलं तर एकही जुनं फूल नव्हतं. मी मुद्दाम बघितलं, शेजारधर्म म्हणून. एका पट्टीवर तिनं स्वतःचं नाव घातलं, कणसांचं नाही. दुसरीवर फक्त: 'पुन्हा लिही.' आणि ते सोलला गेलं, राशिभविष्याच्या टेबलाशी.

काही आठवड्यांनी दुसऱ्याच एका छोट्या वर्तमानपत्रात मिरूची बातमी आली. मथळा पुन्हा कुणा शहाण्याचाच: 'मुका गायक, बोलकी कंपनी.' गटात मथळ्याचा फोटो फिरला असणार, आणि वर 'दाबू नका' असणारच. मावशी मात्र फोन घेऊन माझ्याकडे आली.

"दाब."

"तुमचं बोट लावा, मावशी. माझ्या बोटानं वाचलं तर ते माझं वाचन होईल."

"आगाऊ." तिनं डोळे बारीक करून, चुलीवर तवा तापलाय का बघावं तसं बोट टेकवलं. बातमी उघडली. ती उभ्यानं वाचत गेली, ओठ हलवत, तळापर्यंत. तळाशी जाहिरात होती. कंपनीच्या नव्या गायकाची.

"बघ," ती म्हणाली. "मागे काठ्या आहेतच." आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हानब्योलचे उरलेले कार्यक्रम रद्द झाले. सगळीकडे एकच वाक्य: 'प्रकृतीच्या कारणास्तव, परस्पर संमतीनं.' मी तिला वाचून दाखवलं.

"परस्पर संमती! खोटं," ती म्हणाली. "बातमी फुटली म्हणून गळ्यातला पट्टा सोडला त्यांनी."

"आणि मिरूला कंपनीनंच पेरलं असेल तर? नवा गायक खपवायला?"

मी चिडवायला म्हणालो होतो. मावशीनं त्यावर खरोखर विचार केला. शेवंतीवर पाणी मारलं, एक पान खुडलं.

"असेलही," ती म्हणाली. "पण तो आता गप्प बसलाय ना?" मग तिनं भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे पाहिलं आणि पोराला दटावावं तसं म्हणाली, "गप्पच बस रे. सहा महिने शब्द काढलास तर बघ."

रेडिओवर नेमकं त्याचं गाणं लागलं होतं. तिनं तेही बंद केलं.