दारातला कोहळा आणि डोरीनबाई

जिने माझ्यावर करणी केली असं मला वाटलं होतं, ती बाई आज गेली.

डोरीनबाई. इंग्लंडमधली माझी शेजारीण.

मी इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईला मुलाच्या घरी कचरा वेगळा करत बसले होते. इथे कचऱ्याचेही वार ठरलेले. चुकलं की पिशवी तिथेच राहते आणि अख्खी बिल्डिंग येता-जाता बघते.

तेवढ्यात माझ्या लेकीचा, वैशालीचा, तिकडून फोन आला. "आई, डोरीन गेली गं. खुर्चीत बसल्या बसल्या."

हातात दह्याचा रिकामा डबा होता. तो मी धुतच राहिले.

वैशालीच्या बाळंतपणाला मी इंग्लंडला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट.

मला वाटलं लंडन असेल. गाडीतून उतरले तर समोर मेंढ्या.

एक चर्च, एक अरुंद रस्ता, दगडाची घरं. शांत म्हणजे किती शांत, माझ्या बांगड्या मलाच ऐकू यायच्या. कुकरची शिट्टी झाली की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. बस यायची, तीसुद्धा रिकामी.

माणसं भेटली की हवा कशी आहे एवढंच बोलायची. आता हवा दोघांनाही दिसत असायची, पण नाही, बोलायचं.

लेक-जावई सकाळी कामाला गेले की मी आणि भिंती. वर मला इंग्लिश येतं ते थँक्यू आणि सॉरी.

शेवटी मी सांगितलं, माझं तिकीट काढा. वैशाली रडायला लागली. तिला सातवा लागला होता. मलाही कळत होतं हो, पण तिथे माझा जीव रमेना.

आणि दुसऱ्याच दिवशी दार उघडते तो काय, पायरीवर कोहळा.

म्हणजे अगदी कोहळा नाही. दुधीपेक्षा जाड, अंगावर पट्टे. पण मला कोहळाच दिसला. ना चिठ्ठी, ना कोणाचं नाव. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात बघितलं, तर अमावस्या.

मी म्हटलं, झालं. पोटुशी लेक आहे घरात. कोणाची तरी नजर वाईट आहे.

मीठ-मोहऱ्या घेतल्या, घरावरून उतरवल्या. तो कोहळा फडक्यात धरला आणि तिठ्यावर नेऊन ठेवला. परत येताना मागे बघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. आमच्याकडे तसंच करतात.

तर शेजारच्या फाटकात एक म्हातारी उभी. पांढरे केस, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हात हलवून हॅलो म्हणाली.

मी खाली मान घालून सरळ घरात.

दुसऱ्या दिवशी पायरीवर दोन. जरा लहान.

माझी तर पाचावर धारण बसली. वैशालीला सांगायचं तर तिला धसका बसेल. परत मीठ-मोहऱ्या, परत तिठा.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पडद्याआड उभी राहिले. म्हटलं आज पकडतेच.

आली. तीच म्हातारी. काठी टेकत, बगलेत कोवळा कोहळा. वाकता येत नव्हतं तिला, तरी वाकली. पायरीवर ठेवला.

आणि मग कोटाच्या बाहीने त्याच्यावरचं दव पुसलं. हळूच, बाळाचं तोंड पुसावं तसं.

मी बघतच राहिले. करणी करणारी बाई काही पुसून ठेवत नाही.

दार उघडलं आणि मराठीतच म्हटलं, "अहो बाई, आत या. चहा टाकते."

तिला काय कळलं देव जाणे. पण बूट काढून आत आली.

चण्याची डाळ घालून त्याची भाजी केली. तिने नाक पुसत पुसत खाल्ली, आणि परत वाढून घेतली.

संध्याकाळी वैशालीने त्यांच्याशी बोलून उलगडा केला. तिथे बागेत जास्त पिकलं की लोक शेजाऱ्याच्या दारात गुपचूप ठेवून जातात. आणि डोरीनबाईंना वाटलेलं, मी त्या भाजीची पूजा करते. पण खात नाही, तिठ्यावर ठेवून येते म्हणजे जून असणार, म्हणून रोज कोवळी शोधून आणत होत्या.

वैशालीने करणीचं सांगितलं तर भिंतीला धरून हसल्या. मीपण.

मग तिकिटाचा विषयच निघाला नाही.

तेव्हापासून त्या पायरीवर काही ठेवलं, टोमॅटो म्हणू नका, सफरचंदं म्हणू नका, की खिडकीवर काठी वाजवायच्या आणि ओरडायच्या, "सुमन, करणी!" अख्ख्या शांत गावात तेवढाच आवाज. तो आणि माझा कुकर.

नात झाली तेव्हा पहिल्यांदा त्यांनीच बघितली. मी म्हटलं, दृष्ट काढा. काढली की. मीठ-मोहऱ्या हातात घेऊन, माझ्याकडे बघत बघत, अगदी बरोबर.

वैशाली उद्या फुलं घेऊन जाणार आहे. मी इथून काय नेणार?

बाल्कनीत कुंडीत दुधी लावलाय. या वर्षीचा पहिलाच लागलाय. मुलाला कोफ्ते हवे होते.

तोडला. शेजारच्या सातो-सान, म्हणजे सातोबाई, एकट्याच असतात. लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करतात, बाकी शब्द नाही. मी म्हणायचे, हेही इंग्लंडच.

त्यांच्या दारात ठेवला. आधी पदराने पुसला.

आणि मागे न बघता घरी आले.

डोरीनबाई, तुमची आठवण माझ्यापाशी आहे हो. सुखाने जा.

आणि जिथे पोचाल तिथे सकाळी दार उघडून बघा. करणी.

तुमची सुमन