हायकेच्या गावाबद्दल बोलताना जपून!

लॉकडाउनमध्ये माणसं भेटेनाशी झाली, म्हणजे ऑफिसचे किस्सेही बंद होतील असं वाटलं होतं. छे! उलट डबल झाले. व्हिडिओ कॉलवर माणूस जे बिनधास्त बोलून जातो, ते समोरासमोर बोलायची त्याची हिंमत नसते.

आमच्या डब्लिनच्या टीममधले निम्मे किस्से हायकेचे. हायके जर्मन, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, राहायला डब्लिनजवळ ॲडम्सटाउनमध्येच, आमच्या मागच्या गल्लीत. तिचं माहेर जर्मनीत, आर नदीकाठी. चार पिढ्या द्राक्षं आणि वाइन. मी पुण्याची, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तिच्या बाजूने भांडून माझंच बीपी वाढलंय!

*

२०२०चा सप्टेंबर. हायकेने द्राक्षतोडणीसाठी तीन आठवडे रजा मागितली. तिच्याकडचे मळे इतक्या उभ्या चढावर की मशीन चालत नाही, सगळं हाताने. करोनामुळे दरवर्षीचे मजूर येणार नव्हते आणि बाबा सत्तरीचे.

आमचा मॅनेजर डेक्लन हसत म्हणाला, "रिलीजनंतर जा की! द्राक्षं कुठे पळून जातायत?"

"रिलीजची तारीख तू ठरवतोस, डेक्लन. द्राक्षांची तारीख द्राक्षं ठरवतात."

रजा मिळाली नाही. आईबाबांनी दोघांनीच तोडणी केली, जमेल तेवढी. उरलेली वेलीवरच सडली.

आणि रिलीज? नोव्हेंबरवर ढकललं!

*

ख्रिसमसला ऑफिसने ऑनलाइन वाइन टेस्टिंग ठेवलं. शिकवायला एक तज्ज्ञ. तो म्हणाला, "जर्मनी म्हणजे व्हाइट वाइन. रेड त्यांना जमत नाही."

हायकेने म्यूट काढलं. "माझे बाबा चाळीस वर्षं रेडच करतात."

"हो का? इंटरेस्टिंग! हौस म्हणून?"

"नाही," हायके म्हणाली. "हौस म्हणून तुमच्यासारखे लोक बोलतात."

*

आता आमच्या घरची लाज. २०२१चा जून, बागेत पाहुण्यांना परवानगी मिळालेली. हायके बाबांची बाटली घेऊन आली. माझ्या नवऱ्याने, समीरने, प्रेमाने ग्लास भरले, बर्फ टाकला आणि वर स्प्राइट ओतलं!

हायके ग्लासाकडे बघतच राहिली. समीर म्हणाला, "जरा कडवट लागत होती ना, म्हणून."

मी म्हटलं, "हायके, मी याच्या वतीने माफी मागते."

ती म्हणाली, "तू कशाला? तू याच्याशी लग्न केलंयस, तेवढी शिक्षा पुरे!"

*

पुढच्याच महिन्यात आर नदीला पूर आला. छोटीशी नदी, पण एका रात्रीत गावंच्या गावं धुऊन नेली. दोन दिवस आईबाबांचा फोन लागत नव्हता. तरी हायके मीटिंगला आली, कॅमेरा बंद ठेवून. घरी बसून नुसती वाट बघवत नाही, म्हणाली.

क्लायंटकडच्या एका गृहस्थांनी बातम्या पाहिल्या होत्या. म्हणाले, "म्हणजे यंदा तिकडची वाइन महागणार तर!"

मी म्यूट काढलं आणि बोलले. सगळं मराठीत. मिनिटभर तरी. 

मी थांबले तेव्हा डेक्लन खाकरला. "मला वाटतं, भाषांतराची गरज नाही."

*

तिसऱ्या दिवशी फोन लागला. दोघं वरच्या मजल्यावर होते, सुखरूप. तळघर मात्र गेलं, पिंपांसकट.

या वेळी हायकेने रजा मागितली नाही, कळवली. ती पोहोचली तेव्हा बाबा तळघरातून गुडघाभर चिखल उपसत होते. दुपारी एक चॅनेलवाला आला, पांढरे बूट घालून. माइक पुढे करून म्हणाला, "चार पिढ्यांचं सगळं वाहून गेलं. कसं वाटतंय तुम्हाला?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. माइक अलगद काढून खिडकीत ठेवला आणि त्याच्या हातात फावडं दिलं.

"संध्याकाळी सांगतो."

तो साडेसहापर्यंत होता. जाताना त्याने बाबांशी हात मिळवला. प्रश्न पुन्हा विचारला नाही.